नीफला जाताना आपल्या तीन खराब फ्रेम बरोबर घ्या

दर वर्षी मार्च उजाडला की मला दोन-चार मेसेज येतातच, "दादा यंदा नीफला जायचं म्हणतोय, काय काय बघू, काय घेऊ?" आणि मी दर वेळी तेच तेच टाइप करत बसतो, म्हणून यंदा एकदाच बैजवार लिहून टाकतोय, पुढच्या वर्षी हेच फॉरवर्ड करेन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नीफ म्हणजे नॉर्थईस्ट ॲस्ट्रॉनॉमी फोरम, दुर्बिणी आणि आकाश बघायच्या, फोटो काढायच्या सामानाचं मोठं प्रदर्शन. न्यूयॉर्क राज्यात सफर्न म्हणून गाव आहे, न्यू जर्सीच्या हद्दीला अगदी खेटून, तिथल्या रॉकलंड कम्युनिटी कॉलेजच्या भल्यामोठ्या इनडोअर हॉलमध्ये एप्रिलमधल्या एका शनिवार-रविवारी हे भरतं. भरवतो रॉकलंड ॲस्ट्रॉनॉमी क्लब, म्हणजे आपल्यासारखीच हौशी मंडळी. त्याला जोडूनच, आदल्या गुरुवार-शुक्रवारी फक्त फोटोवाल्यांसाठी, म्हणजे दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काढणाऱ्यांसाठी, नॉर्थईस्ट ॲस्ट्रो-इमेजिंग कॉन्फरन्स असते. तिचं तिकीट वेगळं काढावं लागतं, तेव्हा तारखा आणि यंदाचा कार्यक्रम आधी नीट बघून घ्या आणि मगच ऑफिसात सुट्टी टाका. न्यू जर्सीतल्या एडिसनहून २८७ हायवे पकडला की साधारण तासाभरात पोचता. ट्रेनने यायचं तर सीकॉकसहून मेन लाइनची गाडी थेट सफर्नला येते पण स्टेशनपासून कॉलेज चालत जाण्यासारखं नाही, टॅक्सी करा, खांद्यावर लॅपटॉपची बॅग घेऊन चढ चढायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

आता मुद्द्याचं. मी पहिल्या वर्षी गेलो ते जत्रेला गेल्यासारखा. आत शिरलो आणि पाय हलेनात, डावीकडे दुर्बिणी, उजवीकडे दुर्बिणी, ज्या आजवर फक्त फोटोत बघितल्या होत्या त्या हाताच्या अंतरावर. तीन तास नुसता हिंडलो, पिशवीभर माहितीपत्रकं गोळा केली, आणि शेवटी काहीतरी घ्यायलाच हवं म्हणून एका स्टॉलवरून माझ्या ८० मिलिमीटरच्या दुर्बिणीसाठी फोकल रिड्यूसर (फोटोत जास्त आकाश मावावं म्हणून लावायचं जोडभिंग) उचलला. विकणारा म्हणाला सगळ्यांना बसतो. घरी येऊन बघतो तर आटेच वेगळे, मग ॲडॉप्टर मागवला, तो आल्यावर कळलं की त्या ॲडॉप्टरनेच कॅमेरा आणि रिड्यूसरमधलं अंतर वाढलं, तीन वीकेंड नुसते स्पेसर (अंतर जुळवायच्या कड्या) लावण्या-काढण्यात गेले. शेवटी अर्ध्या किमतीत विकला. बायको अजून त्याला "ते तुझं रिंगण" म्हणते.

दुसऱ्या वर्षी जाताना काहीच घ्यायचं नाही असं ठरवलं आणि त्याऐवजी माझी एक अडचण घेऊन गेलो. माझ्या फोटोत उजव्या खालच्या कोपऱ्यातले तारे अंड्यासारखे यायचे, बाकी सगळे गोल. मला पक्कं वाटत होतं की दुर्बिणीचं भिंगच खराब आहे, आता नवी घ्यायला लागणार. फोकसर (दुर्बिणीचा फोकस जुळवणारा, कॅमेरा धरणारा भाग) विकणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थाला लॅपटॉपवर फ्रेम, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेला एक कच्चा फोटो, दाखवली. त्याने मला काही विकायचा प्रयत्नच केला नाही, उलट विचारलं, दुर्बीण मेरिडियनच्या (आकाशात डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) दुसऱ्या बाजूला फिरवल्यावर हा कोपरा बदलतो का? मला माहीतच नव्हतं, कधी बघितलंच नव्हतं. मग त्याने शेजारच्या एका डेमो दुर्बिणीच्या फोकसरला लावलेला कॅमेरा दोन बोटांनी हलकेच खाली दाबून दाखवला आणि म्हणाला बघ, चांगल्या फोकसरला हे हलता कामा नये, घरी जाऊन तुझा दाबून बघ. घरी आलो, दाबला, केसभर हलला. बुडाला तीन छोटे स्क्रू होते ते ॲलन कीने पाव-पाव फेरा आवळले, संपला विषय. नवी दुर्बीण वाचली म्हणजे किती वाचले ते तुम्हीच मोजा.

म्हणून सांगतो, तिथे जाताना स्वतःचा चांगला फोटो नेऊ नका, तो दाखवून शाबासकी मिळेल, दुसरं काही मिळणार नाही. खराब न्या असं म्हणतोय, आणि तोही प्रोसेस केलेला नाही तर कच्च्या, एकेकट्या फ्रेम. कुठल्या तीन ते सांगतो. एक दुर्बीण पूर्वेकडे बघत असताना घेतलेली. दुसरी मेरिडियन फ्लिपनंतर, म्हणजे दुर्बीण पलटून पश्चिमेकडे बघायला लागल्यावरची. आणि तिसरी कॅमेरा दुर्बिणीत १८० अंशांनी फिरवून बसवल्यावरची. पहिली-दुसरी शेजारी ठेवल्या आणि खराब कोपरा बदललेला दिसला तर काहीतरी वजनाने वाकतंय. बदलला नाही तर तिसरी बघा. कॅमेरा फिरवूनही फ्रेममधला तोच कोपरा खराब असेल तर तिरकेपणा कॅमेऱ्याच्या बाजूला आहे, समोरच्या कोपऱ्यात गेला असेल तर फोकसरच्या, म्हणजे दुर्बिणीच्या बाजूला. चारही कोपरे सारखेच बिघडलेत, मधले तारे मात्र टुमटुमीत गोल, तर बहुतेक बॅकफोकसचं, म्हणजे शेवटच्या भिंगापासून कॅमेऱ्याच्या सेन्सरपर्यंतचं, अंतर चुकलंय. आणि अख्ख्या फ्रेमभर तारे एकाच दिशेला ताणलेले असतील तर भिंगाला, कॅमेऱ्याला दोष देऊ नका, तो दोष माउंटचा (दुर्बीण धरून ताऱ्यांमागे फिरवणारा स्टँड) नाहीतर गायडिंगचा (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला सतत सावरणं) नाहीतर वाऱ्याचा. या तीन फ्रेम पेन ड्राइव्हवर आणि लॅपटॉपवर दोन्हीकडे ठेवा, फोनवर कोपऱ्यातले तारे दाखवता येत नाहीत, समोरचा माणूस डोळे बारीक करून कंटाळतो.

दुसरी गोष्ट, एका कागदावर स्वतःच्या सेटअपची कुंडली लिहून न्या. फोकल लेंग्थ, कॅमेऱ्याचा पिक्सेल किती मायक्रॉनचा, फोकसरचे आटे कुठले, माउंट किती वजन उचलतो, आणि सेन्सरपासून रिड्यूसर-फ्लॅटनरपर्यंत (फ्लॅटनर म्हणजे कोपऱ्यातले तारेही गोल आणणारं जोडभिंग) आत्ता किती मिलिमीटर भरतात. बऱ्याच फ्लॅटनरना ५५ मिलिमीटर लागतात. माझ्यासारखा २६ मेगापिक्सेलचा मोनो (काळा-पांढरा) कूल्ड कॅमेरा असेल तर १७.५ कॅमेऱ्याचे, २० फिल्टर व्हीलचे (फिल्टर बदलणारी चकती), म्हणजे उरले १७.५, त्यात ऑफ-ॲक्सिस गायडर (गायडिंगसाठी कडेचा थोडा उजेड वळवणारा भाग) बसवायचा. शिवाय काचेचा फिल्टर आला की त्याच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश अंतर वाढवावं लागतं, ३ मिलिमीटरचा फिल्टर म्हणजे १ मिलिमीटर जास्त, म्हणजे ५५ चे ५६. हे मला पहिल्या वर्षी माहीत असतं तर ते रिंगण मी हातातसुद्धा घेतलं नसतं.

बरं आता बघायचं काय, कारण शेवटी आपण जातो ते डोळे निववायलाच.

आत गेल्यावर सगळे आधी नळ्यांकडे, म्हणजे दुर्बिणींकडे, धावतात, तुम्ही माउंटकडे जा. नळी दिसते देखणी पण फोटो काढतो माउंट. प्लेनवेव्हच्या स्टॉलवर डायरेक्ट ड्राइव्हवाले मोठे माउंट असतात, आत गिअरच नाहीत, मोटर थेट अक्षावर. वीज बंद असताना विचारून एका बोटाने ढकलून बघा (विचारून म्हटलं मी), एवढं धूड लोण्यासारखं फिरतं. आणि चालू करून दाखवायला सांगा, सेकंदाला ५० अंशांपर्यंत वळतो आणि आवाज जवळजवळ नाहीच, उपग्रहाच्या मागे धावू शकतो असला प्रकार. माझ्या घरचा माउंट वळताना कॉफी ग्राइंडर लावल्यासारखा कोकलतो, शेजारच्या आजी एकदा विचारायला आल्या होत्या. सॉफ्टवेअर बिस्कचे पॅरामाउंट पण बघा, त्यांच्या वायरी आतून गेलेल्या असतात, बाहेर एक लोंबत नाही. रात्री तीन वाजता वायर अडकून ज्याची फ्रेम गेलीय त्यालाच त्याची किंमत कळेल.

हे सगळे घेण्यासारखे नाहीत, कबूल, पण बघून आलात की स्वस्तातल्या माउंटमध्ये काय बघायचं ते कळतं. हल्ली आपल्यासारख्यांसाठी हार्मोनिक ड्राइव्हवाले (लवचिक गिअरवर चालणारे) माउंट आलेत, उदाहरणार्थ झेडडब्ल्यूओ कंपनीचा एएम५, स्वतः ५ किलोचा आणि काउंटरवेट (तोल सांभाळणारं वजन) न लावता १३ किलो उचलतो. काउंटरवेट नाही हे सुख भारतात विमानाने न्यायचं असेल तर फारच मोठं. फक्त त्याचा पिरिऑडिक एरर (गिअरमुळे ठराविक वेळाने पुन्हा पुन्हा होणारी चूक) मोठा असतो, गायडिंगशिवाय तो कामाचा नाही, तेव्हा स्टॉलवर "किती वजन उचलतो" एवढंच विचारून परत येऊ नका, गायडिंगचा आलेख दाखवा म्हणा. ज्याच्याकडे असतो तो आनंदाने दाखवतो.

मग नळ्या. ताकाहाशी कंपनीची पांढरट नळी तिच्या फिकट हिरव्या फोकसरमुळे लांबूनच ओळखू येते. एफएसक्यू १०६ जवळून बघा, १०६ मिलिमीटर भिंग, ५३० फोकल लेंग्थ, आत चार भिंगं पेट्झवाल पद्धतीने बसवलेली, त्यामुळे फ्लॅटनर वेगळा लागत नाही आणि ते ५५ मिलिमीटरचं झेंगटही नाही, फोकसला आलं की झालं. समोरून भिंगात बघा, थोडं तिरकं, चांगल्या कोटिंगचं भिंग जवळजवळ काळं दिसतं, काच आहे की नाही कळत नाही. टॉर्च मारायचा असेल तर आधी विचारा. आणि हात, हात लावायचा तो फोकसरच्या चाकाला, भिंगाला कधीही नाही. मी एका माणसाला बोटाने "इथे धूळ आहे" दाखवताना भिंगावर ठसा उमटवताना बघितलंय, स्टॉलवाल्याचा चेहरा बघवत नव्हता.

फोकसर बघायची पद्धत अशी. आधी मोठं चाक फिरवा, मग त्याच्यावरचं बारीक चाक, त्याला बहुतेक दहास एक असा गिअर असतो. दिशा बदलताना मध्ये मोकळी जागा लागते का ते बोटांना कळतं, कानाला पण कळतं. मग तो वरचा प्रयोग, कॅमेरा लावलेला असेल तर परवानगी घेऊन हलकेच दाबा. एवढं केलंत की स्टॉलवाला ओळखतो की हा नुसता सेल्फीवाला नाही, आणि मग तो खरं बोलायला लागतो, कुठल्या मॉडेलला काय त्रास आहे तेसुद्धा सांगतो.

ॲस्ट्रो-फिजिक्सचं काही समोर दिसलं तर थांबा, त्यांच्या रिफ्रॅक्टरसाठी लोक वर्षानुवर्षं वेटिंग लिस्टवर असतात, तिथे उभे असलेले लोक दुर्बिणीबद्दल कमी आणि आपला नंबर कधी लागेल याबद्दल जास्त बोलतात. आपल्याकडे पूर्वी स्कूटरसाठी नंबर लावायचे ना, तसंच. टेलिव्ह्यूकडे तर जायलाच हवं, ते जवळच्याच चेस्टरचे, आणि ती कंपनी काढणारे अल नॅगलर आधी अपोलोच्या अंतराळवीरांच्या सरावासाठीच्या सिम्युलेटरची ऑप्टिक्स करायचे. त्यांचं १०० अंशांचं ईथॉस आयपीस २००७ चं. फोटोवाल्याला आयपीसचा (डोळा लावायच्या भिंगाचा) उपयोग शून्य, तरी एकदा डोळा लावा, खिडकीतून डोकं बाहेर काढल्यासारखं वाटतं.

मोठ्या आरशांच्या दुर्बिणींपुढे उभे राहाल तेव्हा मनात एक हिशोब करा. पिक्सेलचे मायक्रॉन गुणिले २०६, भागिले फोकल लेंग्थ मिलिमीटरमध्ये. येतं ते एका पिक्सेलमागे किती आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग). ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ती एफएसक्यू, तर १.४६. तोच कॅमेरा प्लेनवेव्हच्या १४ इंचीला लावला, फोकल लेंग्थ २५६३, तर ०.३०. आता तुमच्या घरावरचं सीइंग (हवेच्या थरथरीने तारा किती पसरतो ते) असतं दोन ते तीन आर्कसेकंद, म्हणजे ती १४ इंची तुमच्या एडिसनच्या बॅकयार्डात एकेक धूसर तारा सात ते दहा पिक्सेलवर पसरून दाखवणार. या एका भागाकाराने माझी मोठ्या दुर्बिणीची खाज बऱ्यापैकी कमी झालीय. पूर्ण गेली असं नाही म्हणणार. त्या दुर्बिणीच्या समोर उभं राहून मुख्य आरशात स्वतःचा उलटा चेहरा बघायला मी दर वर्षी जातोच.

आणि हो, बाहेर पार्किंगच्या बाजूला सोलर स्टार पार्टी (दुर्बिणीतून सूर्य बघायचा कार्यक्रम) असते ती चुकवू नका. ऊन असेल तर आधी तिकडेच जा, एप्रिलमध्ये ढग कधी येतील सांगता येत नाही, स्टॉल काही पळून जात नाहीत. हायड्रोजन अल्फाच्या दुर्बिणी ओळीने लावलेल्या असतात, ६५६.३ नॅनोमीटरचा लाल उजेड तेवढा आत सोडतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला नुसता लाल गोळा दिसतो आणि तो "छान आहे" म्हणून पुढे सरकतो, तसं करू नका. जॅकेट डोक्यावरून ओढून घ्या, डोळ्याला बाहेरचा उजेड लागला नाही पाहिजे, कडेवर फोकस करा, आणि दुर्बीणवाल्याला सांगा मी ट्यून करू का. ते ट्यूनिंगचं चाक अगदी सावकाश फिरवायचं, आधी कडेवरच्या ज्वाला दिसतात, अजून थोडं फिरवलं की गोळ्याच्या अंगावर संत्र्याच्या सालीसारखं पोत उठतं आणि काळे धागे दिसायला लागतात. ते धागे आणि कडेवरच्या ज्वाला एकच गोष्ट आहे, फक्त एक समोरून बघतोय आणि एक बाजूने. मला हे वाचून माहीत होतं, पण एक धागा कडेपर्यंत जाऊन तिथे ज्वाला होऊन बाहेर आलेला स्वतः बघितला तेव्हा मी मागच्या रांगेला विसरून तिथेच उभा राहिलो, शेवटी मागच्या मुलीने कोट ओढला. फिल्टर नसलेल्या कुठल्याही दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नाही हे सांगायला नको, तरी लहान मुलं बरोबर असतील तर सांगा.

इमेजिंग कॉन्फरन्सला जाणार असाल तर एकच सल्ला. व्याख्यानाच्या स्लाइडचे फोटो काढत बसू नका, ते परत कोणी बघत नाही. प्रोसेसिंगचं सेशन असेल तर स्वतःचा डेटा लॅपटॉपवर उघडा ठेवा आणि समोरचा जे करतोय ते तिथल्या तिथे करून बघा, अडलं की ब्रेकमध्ये जाऊन विचारा. कॉफीच्या रांगेत जे शिकायला मिळतं ते स्टेजवरून मिळत नाही. इंग्रजी कच्चं आहे, उच्चार कळणार नाहीत, असली भीती सोडा, फ्रेम समोर धरली की भाषा फार लागत नाही, बोट दाखवलं तरी भागतं.

पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. माझा पुतण्या ठाण्यात राहतो, कधी वांगणीला खगोल मंडळाच्या कार्यक्रमांना जातो, पण फोटो काढतो ते गच्चीतून, आणि त्या आकाशात तारे बोटांवर मोजावेत. त्याच्यासाठी मी फिल्टरच्या स्टॉलवर जास्त वेळ घालवतो. शहरातून मृगातला तेजोमेघ काढायचा तर रंगीत कॅमेऱ्याला ड्युअल नॅरोबँड फिल्टर, जो हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या दोन रेषा तेवढ्या सोडतो. पण दीर्घिका काढायच्या असतील तर फिल्टरने चमत्कार होत नाही, दीर्घिकेचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला, तिथे गाडी काढून अंधारात जाणं हाच उपाय, देवयानीतल्या दीर्घिकेसाठीसुद्धा. भारतात न्यायच्या वस्तू निवडताना दोन गोष्टी बघा. एक, हे सगळं १२ व्होल्टवर चालतं, त्यामुळे तिकडचा अडॅप्टर घेतला की झालं, पण मोठी लिथियम पॉवर बँक विमानात नेता येत नाही, १०० वॉट-अवरपर्यंत केबिन बॅगेत चालते, १६० पर्यंत एअरलाइनला विचारून, त्याच्या वर नाही. ती तिकडेच घ्या. दोन, पावसाळा. जून ते सप्टेंबर दुर्बीण पेटीत बसणार आणि भिंगावर बुरशी धरणार, तेव्हा ड्यू हीटर (भिंगावर दव धरू न देणारा) घ्यायच्या आधी घट्ट झाकणाची पेटी आणि सिलिका जेलचा विचार करा. बिल जपून ठेवा, कस्टमवाल्याला ती नळी काय आहे ते समजावण्यापेक्षा बिल दाखवणं सोपं.

खरेदीचं म्हणाल तर माझा नियम असा झालाय. शनिवारी कार्ड खिशातच राहतं, फक्त भाव लिहून आणायचे, रात्री घरी स्वतःच्या कुंडलीच्या कागदाशी ताडून बघायचे, रविवारी जायचं. शोच्या खास किमती बहुतेक दोन्ही दिवस असतात, "फक्त आत्ता" म्हणणाऱ्याकडून मी काही घेत नाही. अगदीच नवशिके असाल आणि दुर्बीण नाहीच तर या सगळ्या महागड्या वस्तू बघून घाबरू नका, सीस्टार एस५० सारखी छोटी स्मार्ट दुर्बीण त्या मानाने कमी पैशांत मिळते, ५० मिलिमीटरचं भिंग, फोनवरून चालते, एक वर्ष तीच वापरा आणि मग पुढच्या एप्रिलला या, तोवर तुमच्याकडे विचारायला स्वतःच्या अडचणी झालेल्या असतील.

खाण्याचं घरून न्या. दुपारी एक वाजता कॅन्टीनची रांग बघून जीव जातो, आम्ही पोळीचे रोल आणि थर्मासात चहा नेतो, गाडीत बसून खातो. बूट चालण्याचे घाला, काँक्रीटवर दिवसभर उभं राहून पाय बोलायला लागतात. सोडतीचं तिकीट मिळतं, बक्षिसं चांगली असतात, मला आजवर काही लागलेलं नाही.

रविवारी दुपारी शेवटचा तास मात्र थांबाच. गर्दी ओसरलेली असते, स्टॉलवाले खुर्चीत टेकलेले असतात, त्यांना बोलायला वेळ असतो, आणि डेमोला ठेवलेली एखादी वस्तू परत न्यायचा कंटाळा म्हणून कधीकधी कमी भावात सोडतात. गेल्या खेपेला मी असाच रेंगाळलो होतो, एक मोठी आरशाची दुर्बीण माउंटवरून उतरवत होते, चौघं जण लागले, मी पाचवा. दोघांनी खालून धरली, एकाने मागून, एक जण नुसता "सावकाश, सावकाश" म्हणत होता. खोक्यात उतरल्यावर आरशावरचं झाकण बसवायचं काम मला दिलं. बसवण्याआधी मी एकदा आत वाकून बघितलं, हॉलचे सगळे दिवे त्यात उलटे लटकत होते, आणि मग टप्प करून झाकण लावलं.